ठासलेली बंदूक

टाका चहा, सुलाबाई. अफताब टायर बदलतोय, तोवर मी इथेच बसते. तिन्हीसांजेला एवढ्या घाईनं कवठे महांकाळकडे कशाला निघालात, असं विचारलंत ना? सांगते. गप्प बसून राहिले तर मला वेड लागेल.

मी संयोगिता. साताऱ्याला असते. उत्खननात जुन्या बंदुका, शिशाच्या गोळ्या असलं काही निघालं की ते ओळखायचं आणि त्याचा काळ ठरवायचा, हे माझं काम. आमच्या सासूबाई म्हणतात, हिला भंगारवाल्याच्याच घरी द्यायला हवी होती. अफताब मिरजेचा. गंजलेलं लोखंड साफ करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, फक्त तोंडाचा फटकळ. आमचं बरं जमतं, कारण मीही तशीच.

गेल्या महिन्यात इथून पुढच्या एका गावात आम्हाला बोलावणं आलं. गावावरच्या टेकडीवर जुन्या चौकीचे अवशेष आहेत. तिथं खोदताना तटाच्या जंगीत, म्हणजे बंदूक रोखायला ठेवलेल्या भोकात, एक लांब लोखंडी नळी अडकलेली सापडली. लाकूड कधीच कुजून गेलेलं. जवळच शिशाच्या गोळ्या पसरलेल्या. हे सगळं गावातल्या बंद पडलेल्या दूध डेअरीच्या माडीवर ठेवलं होतं. बाहेरून दगडी जिना, आत एक अरुंद खोली. टेबल एकाच बाजूनं मावायचं, त्यामुळे नळीचं तोंड दाराकडे. वर्षं लोटली तरी भिंतींना नासक्या दुधाचा वास होता.

राखणीला गुंडातात्या. उमर फौजेत गेलेला माणूस. अजून मिशीला पीळ आणि बुटाला पॉलिश. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "म्याडम, हितली चिमणीबी माज्या हुकमाबिगर भायेर जात न्हाई."

ठासणीची, म्हणजे तोंडातून दारूगोळी ठासून भरायची बंदूक सापडली की आम्ही आधी एक गोष्ट बघतो, ती भरलेली आहे का. लाकडी गज आत घालायचा, कुठवर गेला ते पाहायचं, आणि तोच गज बाहेरून नळीला लावायचा. गज तळाला पोचला नाही तर आत काहीतरी ठासलंय. आमचा गज चांगला वीतभर आधीच अडला. एका बाराला, म्हणजे एकदा भरलेल्या दारूगोळीला, एवढी जागा लागत नाही. आत दोन बार होते, एकावर एक.

"असं का केलं आसंल?" तात्यांनी विचारलं.

"भीतीनं," मी म्हटलं. "समोरून माणसं चढून येतायत, कानठळ्या बसतायत. आपला बार उडाला की नाही हेच शिपायाला कळत नाही. तो आपला ठासतच राहतो."

तात्यांनी नळीवर हलकेच हात ठेवला. "बिचारं पोरगं," एवढंच म्हणाले.

आम्ही नळीत पाणी सोडून आतली दारू भिजवून ठेवली. दुसऱ्या दिवशी बार काढायचे म्हणून गज घातला, तर तो आदल्या दिवसापेक्षा चार बोटं वरच अडला. मला वाटलं, माझंच मोजायला चुकलं. पण गोळ्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या पुड्या बघितल्या तर एक रिकामी. पिशवीचं तोंड पिन मारून बंद, आणि आत काही नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी एक पुडी रिकामी, आणि गज आणखी वर.

अफताब भडकला. "ताई, चावी एकट्या तात्यांकडे असते. अजून काय पाहिजे?"

साताऱ्याच्या ऑफिसात कळवणं भागच होतं. तिथून लगेच फोन आला: राखणदाराला काढा, पोलिसांत द्या. तात्या समोरच उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि हातात गोल फिरवत राहिले.

"म्याडम, उपाशी मेलो तरी चालंल," ते म्हणाले. "पर चोर म्हनून गावात कसा ऱ्हाऊ? नातीचं लगीन ठरलंय वो..."

मला फार वाईट वाटलं. मी एक दिवस मागून घेतला. ठरवलं असं, की भर दुपारी मी आत बसायचं, दाराला आतून कडी, सगळ्या पुड्या माझ्या मांडीवर. तात्या आणि अफताब खाली लिंबाखाली, मला खिडकीतून दिसतील असे. नळीत काही वाढलं नाही तर तात्यांची काही धडगत नव्हती.

टळटळीत ऊन होतं. वीज गेलेली. टेकडीपलीकडच्या पवनचक्क्यासुद्धा थांबलेल्या. खिडकी सोडली तर खोलीत अंधारच. बसल्या बसल्या मला पेंग यायला लागली... आणि तो नासक्या दुधाचा वास गेला. त्या जागी दुसरा आला, जळक्या गंधकाचा.

मग आवाज. ठक्... ठक्... ठक्... लोखंडात काहीतरी ठासल्याचा. सावकाश नाही, घाईघाईनं, मधेच चुकत. टेबलावर नळी होती तशी होती. जवळ कुणी नव्हतं. आणि माझ्या मांडीवरची एक पुडी हलकी झाली. कुणी हात घातला नाही, पिशवी फाटली नाही. वजन गेलं, बस्स.

खोटं कशाला बोलू, पहिला क्षण आनंदाचा होता. तात्या सुटले! मग कळलं, आत मी एकटी नाही.

आवाज थांबेना. त्यात एक धापही मिसळलेली होती, कोवळ्या पोराची. मला राहवलं नाही. मी बोलले, "अरे, बास कर... लढाई संपली. कधीच संपली. खाली उतर आता."

ठासणं थांबलं. कानाशी कुणीतरी कोरड्या घशानं विचारलं,

"मग... वर कोन येतंय?"

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. जड, एकेक पायरी घेत. मला वाटलं, तात्या. आणि नळीचं तोंड दाराकडे! "तात्या, वर येऊ नका!" मी ओरडले आणि सगळा जोर लावून ती नळी टेबलावरून ढकलून दिली. ती दणकन फरशीवर पडली. गंधकाचा वास विरून गेला. ती धापही ऐकू येईना.

पावलं दारापाशी थांबली.

"म्याडम," तात्यांचा आवाज आला, "च्या आनलाय. कडी काडा."

मी कडीला हात लावला होता. सहज खिडकीतून नजर खाली गेली. लिंबाखाली तात्या तंबाखू मळत बसले होते. अफताब त्यांच्या शेजारी.

"कडी काडा की, म्याडम..."

मी किंचाळले. ते दोघं जिना चढून धावत आले. दाराबाहेर कुणी नव्हतं. नंतर अफताबनं नळीत गज घातला तर तो थेट तळाला टेकला. आत काही नाही. पुड्या सगळ्या भरलेल्या. तात्यांवरचा डाग पुसला, मी स्वतः वरच्यांना ठणकावून सांगितलं. त्यांची नोकरी राहिली. नळी आम्ही साताऱ्याला नेली. बाकीचं सामान अजून त्या माडीवर आहे, आणि राखणीला एकटे तात्या.

पण सुलाबाई, मी त्या पोराला खाली उतर म्हटलं होतं. तो उतरला. वर चढून येणारं जे काही होतं, त्याला कुणी उतर म्हटलं नव्हतं. तो ज्याला इतकी वर्षं अडवून बसला होता, त्याला आता कोण अडवणार? हे माझ्या डोक्यात आज दुपारी आलं. इतके दिवस का आलं नाही, देव जाणे. लगेच तात्यांना फोन लावला.

"तात्या, नीट ऐका. जिन्यावरून कुणीही हाक मारली, ओळखीच्या आवाजात मारली तरी दार उघडायचं नाही. मी हाक मारली तरीसुद्धा नाही."

पलीकडे तात्यांनी फोन सावरल्याचा खरखर आवाज आला.

"ऐकताय ना, तात्या?"

"आवं पर..." तात्या अगदी हळू बोलले. "मगाशीच तुमी आलायसा की. आत बसलायसा. मग ह्यो फोन..."

आणि त्यांच्या मागून, खोलीच्या आतून, माझ्याच आवाजात कुणीतरी विचारलं, "कुणाचा फोन आहे हो, तात्या?"