कर्णाईगडावरचा पांढरा अंगरखा

पहाटेचे धुके कर्णाईगडाच्या बुरुजांवरून ओसरत होते, आणि ज्या सदरेवर रायाजीराव किल्लेदारांनी वीस वर्षे न्याय केला, त्याच सदरेवर आज त्यांच्या खुनाचा न्याय व्हायचा होता. परवा रामनवमीच्या भर दुपारी, रामजन्माचे कीर्तन रंगात आले असता, त्या भल्या माणसाला दारूकोठारामागे कोणी भोसकले होते. आळ आला गोंदजी शेलारावर. तटाचा सरनौबत, गडाच्या दारांच्या चाव्या त्याच्याकडे. गुन्हा शाबीत झाला की कडेलोट.

तपासाला आलेले सुभेदार लोडाला रेलून पान चघळीत होते. सबनीस गिरमाजीपंत हात जोडून पुढे आले.

"साहेब, ऐन रामजन्माला मी देवळाच्या दारात उभा होतो. हा गोंदजी पश्चिम बुरुजाकडे पळताना या डोळ्यांनी पाहिला. अंगात पांढरा अंगरखा, बाहीवर रक्त!"

कारखानीस लखमोजींनी म्हणे त्याच क्षणी, त्याच गोंदजीला, पूर्वेच्या टाक्यावर रक्ताची बाही धुताना पाहिले होते. दोन्ही टोकांमध्ये चालत जायला अर्धी घटका लागे.

"म्हणजे एकाने इकडे पाहिला, एकाने तिकडे," सुभेदार खूश होऊन म्हणाले. "पुरावा दुप्पट झाला की!"

बेड्या घातलेला गोंदजी म्हणाला, "साहेब, मी कीर्तनात होतो. इतक्या लोकांना विचारा."

सदरेसमोर तीनशे गडकरी उभे होते. परवा याच मंडळींनी रामनामाने तट दणाणून सोडले होते. बुवांच्या चिपळ्यांवर डोलताना डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आज कोणाला खोकला आला, कोणाला पायातला काटा सापडला. कीर्तन नुसते कानांनी ऐकून घरी जाणाऱ्यांची हीच गत! देव त्यांच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि सबनिसाचे जोडे पाहून परत फिरतो.

"न्या याला कड्यावर," सुभेदार म्हणाले.

"थांबा!"

आतले दार उघडले. किल्लेदारांच्या पत्नी, दर्याबाईसाहेब, सुतकाच्या तिसऱ्या दिवशी सदरेवर आल्या. सारी सभा चपापली.

"आईसाहेब, बायकामाणसांनी इथं..."

"माझं कुंकू गेलंय, सुभेदार. जीभ शाबूत आहे." त्या गिरमाजीपंतांकडे वळल्या. "पंत, त्या दिवशी तुमचा निरोप आला म्हणून आमचे धनी कीर्तनातून उठले. रामाच्या पाळण्याची त्यांच्या हातातली दोरी गोंदजीनं घेतली, दुसरी माझ्या हाती होती. जन्मापासून आरतीपर्यंत तो माझ्यासमोर होता. गुलाल उधळला तेव्हा देवळात आणि दारात पांढरं काही उरलं नव्हतं. बुवांच्या मिशासुद्धा लाल होत्या. मग पांढरा अंगरखा कोणाचा पाहिलात?"

"लांबून... उन्हात नीटसं..."

"मी सांगते. खून झाला म्हणून ओरडत पहिले तुम्हीच आलात. अंगावर गुलालाचा कण नाही, आणि अंगरख्याच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. भर दुपारी नवा अंगरखा कशाला लागला हो?" आणि सुभेदारांना म्हणाल्या, "खोटं बोलत असेन तर याच्याआधी मला लोटा."

कारखानिसांनी सुभेदारांचे पाय धरले. "यांनीच शिकवलं, साहेब! यांनी गनिमाला लिहिलेली पत्रं रायाजीरावांच्या हाती लागली होती! गोंदजीच्या चाव्या मिळाल्या की गड..."

"गप, गाढवा! टाक्याचं नाव कोणी घ्यायला सांगितलं होतं तुला?" पंत किंचाळले, आणि आपण काय बोललो हे त्यांना सर्वांत शेवटी कळले.

मग तीनशे कंठ एकदम फुटले. "आम्हीही पाहिला होता गोंदजी! देवळातच होता!"

"आत्ता?" बाईसाहेब एवढेच म्हणाल्या. ओरडा विरला.

दोघांचा कडेलोट त्याच दुपारी झाला. सुभेदारांनी वर कळवले की आपल्या चाणाक्षपणामुळे गड वाचला. त्यांना बक्षीस म्हणून सोन्याचे कडे मिळाले. गोंदजीपुढे किल्लेदारीची वस्त्रे धरली, त्याने हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी बायकोपोरांना घेऊन तो गड उतरला. दरवाजापर्यंत दुतर्फा मुजरे झडत होते. त्याने एकही घेतला नाही. फक्त दर्याबाईसाहेबांच्या पायांवर डोके ठेवले.

"कुठं जाशील?" त्यांनी विचारले.

"जिथं चार माणसं असतील तिथं, आईसाहेब. इथं तुम्ही एकट्याच आहात."