घरात किती?

उंबऱ्यावर कोण बसलंय? आत या बघू. दार उघडं राहू द्या, पण उंबऱ्यावर कुणी बसू नका. आणि मध्येच 'खरंच का काका?' असं विचारायचं नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो बावीस वर्षं माझ्याबरोबर कामाला होता. गिलाव्याचा मिस्त्री. सगळे त्याला ओळंबा म्हणायचे, कारण कुणाच्याही घरी गेला की चहा यायच्या आधी त्याची नजर भिंतीवर. "वहिनी, ही भिंत पाव इंच बाहेर आहे हं." मग वहिनी चहात साखर घालायला विसरल्या, तर त्यात नवल ते काय!

दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत करण्यात त्याचा अर्धा जन्म गेला, पण स्वतःची म्हणावी अशी एक भिंत नव्हती. शेवटी एका रविवारी तो बायकोला आणि मुलीला घेऊन घर बघायला निघाला. वस्तीच्या टोकाला, दगडखाणीच्या अंगाला सात घरांची ओळ होती, त्यातलं शेवटचं घर. पुढे दोन खोल्या, मागे एक, बऱ्यापैकी अंगण आणि लोखंडी फाटक. किंमत ऐकून त्याला वाटलं, मालकाची बोलण्यात चूक झाली.

रविवारी खाण बंद असते. सगळीकडे शांत, झाडावर पाखरं बोलतायत, वारा सुटलाय. मालक म्हणाला, "दुपारी एकदा सुरुंग उडतो, बस. सवय होते." घर पाहावं बांधून म्हणतात. आमच्या ओळंब्याने ते सुट्टीच्या दिवशी, पाच मिनिटांत पाहिलं.

मागच्या खोलीत मात्र कोपऱ्यातून छतापर्यंत भेग गेलेली होती. आत बोट जाईल एवढी. बायको म्हणाली, "मला नाही हो हे बरं दिसत."

"अगं, भेगा बुजवण्यावर आपलं पोट चालतं," तो हसला. "भेग मला काय शिकवतेस?"

घर घेतलं. ती मागची खोली मुलीला दिली. मुलगी सात वर्षांची. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर झालेली, त्यामुळे बापाचा सगळा जीव तिच्यात. स्वतःची खोली मिळाली म्हणून ती घरभर नाचली. ओळंब्याने पहिल्याच आठवड्यात भेग बुजवली. पुन्हा फाटली. पुन्हा बुजवली. तिसऱ्यांदा फाटली तेव्हा तो कुणाशी बोलला नाही, कारण हसं झालं असतं.

फेब्रुवारीची नऊ तारीख. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. दारावर थाप पडली.

ओळंब्याने डोळे चोळत दार उघडलं. बाहेर एक माणूस. डोक्यावर लोखंडी टोपी, पायात बूट, काखेत गुंडाळलेलं लाल निशाण, हातात बॅटरी. अंगभर दगडाची भुकटी.

"घरात किती?"

"तीन. का?"

"बाहेर काढा सगळ्यांना. सुरुंग आहे."

"रात्री दोनला? डोकं ठिकाणावर आहे ना?" म्हणत याने दार लावून घेतलं. बराच वेळ कान देऊन पडला. सुरुंग काही उडाला नाही.

दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तीच वेळ, तोच प्रश्न. सकाळी ओळंबा तणतणत खाणीच्या ऑफिसात गेला. कारकून म्हणाला, "रात्री सुरुंग लावत नाही आम्ही. आणि दारोदार जाणारा निशाणवाला आता नसतो. भोंगा झाला की लोक आपापले बाहेर येतात."

"का नसतो?"

कारकुनाने वहीत डोकं घातलं. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या डंपरवाल्याने सांगितलं. सुरुंगाच्या आधी निशाणवाला प्रत्येक दारात जायचा, घरात किती आहेत विचारायचा आणि तेवढी माणसं बाहेर मोजायचा. एकदा या शेवटच्या घरातल्या मुलाने सांगितलं, "आत कुणी नाही." बाप अंथरुणाला खिळलेला होता. त्याला उचलून आणायचा कंटाळा, दुसरं काय! निशाणवाल्याने सगळे बाहेर आल्याची लांब शिट्टी वाजवली, आणि तेवढ्यात त्याला मागच्या खोलीतून खोकला ऐकू आला. तो धावत आत गेला. पाठोपाठ छपरातून दगड आला. दोघंही गेले.

हे ऐकून पोरीला त्या रात्री जवळ घेऊन झोपायचं की नाही? पण बायकोला सांगितलं तर ती म्हणणार, मी आधीच म्हटलं होतं. तेच नडलं त्याला. पोरगी तिच्याच खोलीत झोपली, आणि हा पुढच्या दारासमोर खुर्ची टाकून बसला. हातात पहार.

दोन वाजले. दोन दहा. दारावर थाप नाही.

दोन बारा. याने श्वास सोडला.

आणि मागच्या खोलीतून पोरीचा आवाज आला. कुणाला तरी उत्तर देत होती.

"चार."

तो धावला. पोरगी बिछान्यात उठून बसलेली. खिडकीकडे तोंड. खिडकीत कुणी नाही.

"कुणाशी बोलत होतीस गं?"

"त्या काकांशी. त्यांनी विचारलं, घरात किती."

"मग... चार कसे, बाळा?"

"तुम्ही, आई, मी. आणि ते आजोबा." तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "त्यांना खूप खोकला आहे, बाबा."

कोपऱ्यात अंधार होता.

अंधार खोकला.

ओळंब्याने पोरीला उचललं. बायकोला दंडाला धरून ओढलं. अनवाणी, तसेच तिघं फाटकाशी. पोरीला शेजारी उभं केलं. थंडी. सातही घरं झोपलेली. बायको काही विचारायला गेली... आणि तिने घराकडे बोट केलं.

मागच्या खोलीच्या अंगणाकडच्या खिडकीत बॅटरीचा उजेड फिरत होता. घरात कुणी नव्हतं.

उजेड कोपऱ्यात थांबला. आतून कुणीतरी हळू म्हणालं, "चला."

भिंत कोसळली. सुरुंग नाही, भोंगा नाही... सगळी भिंत, छतासकट, पोरीच्या बिछान्यावर. अंगणभर धुरळा. तारा तुटल्या, दिवे गेले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. तिघांनी जागा सोडली नाही. धुरळा खाली बसत राहिला...

मग अंगणात पावलं वाजली. जड.

कुणाला तरी धाप लागलेली.

जवळ आली...

"बाबा," पोरगी म्हणाली, "जरा सरका ना."

तो सरकला.

एक लांब शिट्टी झाली. संपली. नंतर उजाडेपर्यंत काही नाही.

उजाडल्यावर शेजारी धावत आले. ओळंब्याने हात आडवे करून सगळ्यांना फाटकाबाहेरच थोपवलं. अंगणात भुकटीचा थर बसला होता, आणि थरावर बुटांचे ठसे होते. घरातून बाहेर आलेले. खोल, पाठीवर ओझं घेतलेल्या माणसाचे असतात तसे. थेट फाटकापर्यंत. तिथून ते वळून खाणीकडे गेले होते, आणि जाताना उथळ होते.

ओळंबा जिथून सरकला होता, तिथे पोरीच्या शेजारी आणखी दोन पावलं उमटली होती. म्हाताऱ्या माणसाची. अनवाणी. त्या पावलांचा पुढचा ठसा कुठेच नव्हता.