समोर बसून जेवणारं माणूस

"तिले काहून विचारून राहिल्या मॅडम?" कामिनीच्या सासूनं, इंदुताईंनी पदर डोळ्यांना लावला. "पोरगा तं माहा हाय."

"पण नवरा तिचा गेला," कुसुमताई शांतपणे म्हणाल्या.

कामिनी चहाचे कप घेऊन दारातच थबकली. नरखेडजवळच्या या घरात दोन वर्षांत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं... दारू पिऊन संत्र्यांची गाडी उलटवणारा दीर जितेंद्र तुरुंगात गेला, शेजारी बसलेला तिचा नवरा स्मशानात गेला, आणि ती मात्र त्याच चुलीपाशी, सासू-सासऱ्यांचं पथ्यपाणी सांभाळत, हुंदकासुद्धा गिळून जगत राहिली!

कुसुमताई कैद्यांची देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकारी होत्या. उरलेली शिक्षा जितेंद्रला तुरुंगाऐवजी नागपुरातल्या एका संस्थेच्या घरात काढता येणार होती. दिवसा बाहेर काम, संध्याकाळी परत, दारू सोडवायचे उपचार. अट एकच, दर रविवारी घरच्या कोणीतरी येऊन त्याच्यासोबत जेवायचं. सासरे रुपराव अंथरुणाला खिळलेले, इंदुताईंना बस सोसत नव्हती. म्हणजे जायचं कामिनीनंच.

"ही तं सुटकाच झाली," कामिनी म्हणाली. "जेलातच राहू द्या त्याले."

"तोही तेच म्हणतो," कुसुमताई म्हणाल्या. "तिथं वहिनीला तोंड दाखवावं लागत नाही म्हणे."

कामिनीनं कप खाली ठेवले. म्हणजे भिंतीआड तो निवांत, आणि रोज या घराला तोंड द्यायचं ते तिनं एकटीनं...

"जाईन मी," ती म्हणाली.

इंदुताईंनी तिचे हात धरले. "माह्यासाठी नको जाऊ वं. तुह्या तोंडाकडं पाहाची हिंमत नाही झाली मले इतके दिवस."

"तुमच्यासाठी नाही जात, आई." पण तिनं हात सोडवून घेतले नाहीत.

पहिल्या रविवारी संस्थेच्या जेवणघरात जितेंद्र तिच्यासमोर बसला. मान खाली, ताटाला हात नाही. वाळला होता. डोळ्यांतलं पाणी टपटप ताटाकडेला पडत होतं.

"वयनी, मले..."

"माफी मांगू नको. ते आज नाही माह्यापाशी." तिनं त्याला भाजी वाढली. "आधी माह्याकडं पाह्य. मंग जेव."

मग त्यानं मान वर केली... भावाभावांचे डोळे इतके सारखे होते, हे ती विसरूनच गेली होती. पण नजर तिनं वळवली नाही. पोळीचा तुकडा मोडला आणि त्याच्यासमोर जेवू लागली.