मंगळवारची निधनवार्ता

माझी बायको गेली, हे मला दोनदा कळलं.

पहिल्यांदा मंगळवारी सकाळी, अकराच्या बातम्यांनंतर, मॅलकीच्या गाडीतल्या रेडिओवर. दुसऱ्यांदा बुधवारी संध्याकाळी, माझ्याच घरात.

आणि मधल्या वेळात मी तिच्याशी फोनवर बोललो होतो.

हे खरं आहे. मी शेतकरी माणूस. चाळीस वर्षं गाईंच्या धारा काढल्या, मला गोष्टी रचता येत नाहीत. मॅलकी आणि उल्टान त्या दिवशी माझ्याबरोबर होते. दोघंही हयात आहेत. उल्टान या विषयावर बोलत नाही. मॅलकी बोलेल, पण दार लावून घेऊन.

चार वर्षांपूर्वीचा जून महिना. आमचं गाव क्लूनराह, आयर्लंडच्या रोसकॉमन परगण्यात. त्या वसंतात मी दुभत्या गाई विकल्या होत्या. गोठा रिकामा झाला आणि मला सकाळी उठून काय करावं ते कळेना. मॅलकी माझा शाळेपासूनचा मित्र. उल्टान आमचा जुना पोस्टमन, नुकताच निवृत्त झालेला. तिघांनीही आपला देश कधी धड पाहिला नव्हता. मॅलकी म्हणाला, "न्यूयॉर्क पाहिलेली पोरं आहेत गावात, आणि आपण अजून कॉर्क पाहिलेलं नाही. लाज वाटायला हवी."

डिम्फनाला मी चल म्हणालो. तिचं कंबरेचं हाड दुखायचं.

"तीन म्हातारे, एक गाडी, आणि पाच दिवस तुमचे मोजे?" ती म्हणाली. "त्यापेक्षा मी गुडघ्यांवर चालत यात्रेला जाईन. तू जा. मला जरा घर मोकळं मिळू दे."

शनिवारी सकाळी निघालो. तिनं ब्रेडमध्ये हॅम घालून पुडा बांधून दिला. दारात उभी राहून हात केला. माझं लक्ष नकाशात होतं.

डब्लिनमध्ये आम्ही दोनदा रस्ता चुकलो. किल्केनीच्या किल्ल्यात उल्टाननं भिंतीवरच्या प्रत्येक सरदाराच्या चित्रापुढे थांबून सांगितलं की, याला पत्र पोचवायला मी गेलो नसतो. कॉर्कच्या बाजारात मॅलकीनं सगळ्यांदेखत मासेवालीशी भाव केला आणि हरला. खूप हसलो. रोज संध्याकाळी मी घरी फोन करायचो. सोमवारीही केला. ती म्हणाली, छातीत जरा जळजळतंय, कोबी बाधला असेल.

मंगळवारी आम्ही केरीत होतो. एका बाजूला डोंगर, खाली समुद्र. स्वच्छ ऊन. रस्त्यावर मेंढ्या.

गाडीचा रेडिओ सकाळपासून नुसता खरखरत होता. मॅलकी बटण फिरवत होता.

आणि एकदम... खरखर थांबली.

आवाज अगदी स्पष्ट आला. आमच्याच भागातल्या रेडिओचा. तीच बाई, जी रोज अकराच्या बातम्यांनंतर निधनवार्ता वाचते. आमच्याकडे ती वार्ता लागली की चमचासुद्धा कुणी वाजवत नाही.

"हा इथे कसा लागला?" उल्टान म्हणाला. "हा तर आपल्या हद्दीबाहेर वीस मैल गेला की मरतो."

"गप रे," मॅलकी म्हणाला. "कोण गेलं ते ऐकू दे."

बाई वाचत होती.

"डिम्फना हॅन्ली, माहेरची किलरो, राहणार क्लूनराह. राहत्या घरी, शांतपणे. आज दुपारी बारापासून घरी अंत्यदर्शन."

मग परत... खरखर.

मॅलकीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. एक मेंढी काचेतून आत बघत होती.

"दुसरी कुणीतरी असेल," उल्टान म्हणाला.

क्लूनराहमध्ये दुसरी डिम्फना हॅन्ली नाही. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तीस वर्षं तिची पत्रं त्यानंच आणून दिली होती.

मॅलकीनं आपला मोबाईल माझ्या हातात ठेवला. घरचा नंबर त्यानंच लावून दिला.

घंटा वाजत राहिली. खूप वेळ.

मग उचलला.

"हॅलो?"

तिचाच आवाज. जरा धाप लागलेली, जिन्यावरून उतरून आल्यासारखी.

"डिम्फना! अगं... तू बरी आहेस ना?"

"मला काय झालंय?"

"अगं, रेडिओवर... रेडिओवर तुझं नाव वाचलं. तू गेलीस म्हणून."

ती हसली.

"मग हा फोन कुणी उचललाय, मांजरानं? कॉर्कमध्ये काय प्यायलात तिघं?"

मी गाडीतून उतरून रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. मॅलकीनं माझं तोंड पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. उल्टान रडत रडतच हसायला लागला.

पण तिच्यामागे आवाज होते.

कपांचे. किटलीचे. दगडी फरशीवरून खुर्च्या ओढल्याचे. आणि त्या सगळ्याच्या खाली एक गुणगुण... बरीच माणसं एकत्र जपमाळ म्हणतात ना, तशी.

"कोण आलंय गं?"

"ही आपली मंडळी," ती म्हणाली. "चहाचं चाललंय. मला बोलत बसायला वेळ नाही."

तेवढ्यात कुणीतरी खोकलं. पुरुष. दोन बारीक खोकले, मग एक लांब. तो खोकला माझ्या ओळखीचा होता. नाव काही आठवेना.

"मी परत येऊ का?" मी विचारलं.

फक्त ती गुणगुण ऐकू येत होती.

"नको," ती म्हणाली. "चाळीस वर्षं गाईंनी सोडलं नाही तुला. तुला ते मोहरचे कडे बघायचे होते ना? बघून ये."

आणि फोन बंद झाला.

जे मी मित्रांनाही सांगितलेलं नाही, ते इथे लिहितो. ती नको म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. ती सुखरूप आहे म्हणून तर वाटलंच. पण परत फिरावं लागलं नाही, म्हणूनही वाटलं.

आम्ही पुढे गेलो.

संध्याकाळी मी पुन्हा फोन केला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. मॅलकी म्हणाला, "चर्चमध्ये गाण्याचा सराव असेल. मंगळवार आहे."

बुधवारी सकाळी केला. घंटा वाजत राहिली...

"बागेत असेल," उल्टान म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी आम्ही शॅनन नदीच्या मुखावरून फेरीबोटीनं क्लेअरमध्ये गेलो. दुपारी साडेतीनला मोहरच्या कड्यांवर उभे होतो. लहानपणी शाळेच्या भिंतीवर त्यांचं चित्र होतं, तेव्हापासून मला ते बघायचे होते. खाली समुद्र आपटत होता. वारा इतका की टोपी हातात धरावी लागली.

आमच्या बाजूला एक म्हातारा बाकावर बसला होता. पर्यटक असावा. त्याला ठसका लागला. दोन बारीक, मग एक लांब.

आणि मला नाव आठवलं.

टायग.

टायग कॉन्सिडाइन. आमच्या वाटेवरचा शेजारी. सगळा जन्म त्यानं पाइप ओढला आणि सगळा जन्म तसाच खोकला.

त्याला आम्ही त्याच वर्षी जानेवारीत पुरलं होतं. शवपेटीला माझाही खांदा होता.

"मॅलकी," मी म्हणालो, "काल फोनमध्ये टायग खोकला."

मॅलकीनं खिशातून किल्ली काढली आणि गाडीकडे चालायला लागला. उल्टान त्याच्यामागे जवळजवळ पळतच गेला.

वाटेत कुठेही थांबलो नाही. रेडिओ बंद होता. मॅलकीनं त्यावर रुमाल टाकला होता.

सहा वाजता पोचलो. जूनचं ऊन अजून चांगलं वर होतं. आमच्या वाटेवर तीन घरं. त्यातलं एक टायगचं, एक नॅन्सी म्हणून विधवा होती तिचं. तीही त्याच्या दोन वर्षं आधी गेलेली. दोन्ही घरांना कुलपं. राहतं घर उरलं होतं ते आमचंच. म्हणून दीड दिवस कुणाला काही कळलं नाही.

दार उघडं होतं.

आमच्याकडे मयत झालं की दाराला कडी लावत नाहीत. येणारा येतो, जाणारा जातो.

"डिम्फना?"

घरात मेणाचा वास होता. आणि पाइपच्या तंबाखूचा.

भिंतीवरचं घड्याळ थांबलेलं. चारला दहा कमी. आरशावर पांढरी चादर. मयताच्या घरात आमच्याकडे हे दोन्ही करतात. स्वयंपाकघरात ओट्यावर फडकं पसरलेलं, आणि त्यावर तिचे लग्नातले चांगले कप पालथे घातलेले. ते ती कधी कपाटातून काढायची नाही. मी मोजले. दहा होते. सगळे धुतलेले.

ती खोलीत पलंगावर होती.

केस विंचरलेले. डोळे मिटलेले. हात छातीवर, बोटांत जपमाळ. अंगात निळा पोशाख, चर्चला जायचा.

पलंगाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. गोल. आमच्या घरात सहा खुर्च्या आहेत. तिथे अकरा होत्या. बाकीच्या पाच निळ्या रंगाच्या, गवताच्या विणीच्या.

त्या टायगच्या घरच्या. लहानपणी मी त्यांवर बसून जेवलोय.

मयताला आम्ही एकटं सोडत नाही. पुरेपर्यंत कुणी ना कुणी उशाशी बसतं. आणि खुर्च्या कमी पडल्या, की शेजारी आपल्या घेऊन येतात.

उशाशी माझी खुर्ची होती. तिच्या बैठकीवर माझा शनिवारचा पेपर घडी घालून ठेवलेला. ती जागा त्यांनी धरून ठेवली होती. तिथे कुणी बसलं नव्हतं.

मी दारातच उभा राहिलो. आत जाऊन बसायला हवं होतं. मॅलकीनं मला बाहेर नेलं.

डॉक्टर आले, मग पोलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलंय. मंगळवारी पहाटे, चारच्या आत. मी म्हणालो, मंगळवारी सव्वाअकराला मी तिच्याशी बोललो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वेड्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा.

मॅलकीनं त्यांना मोबाईल दाखवला. आमच्या घरचा नंबर. मंगळवार, अकरा वाजून चौदा मिनिटं. बोलणं, चार मिनिटं.

पोलिसानं विचारलं, "घरात कोण होतं?"

मॅलकीनं निळ्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं आणि त्या टायगच्या म्हणून सांगितलं.

त्यानं टायगच्या घराचं कुलूप पाहिलं. गंजून घट्ट झालेलं. कुणी हात लावलेला दिसला नाही. मग त्यानं वही बंद केली आणि खुर्च्यांबद्दल पुन्हा विचारलं नाही.

तिला तपासणीसाठी नेलं ते शुक्रवारी परत आणलं, बंद पेटीत. उन्हाळ्याचे दिवस होते. घरी ठेवता आलं नाही, सरळ चर्चमध्ये नेलं. म्हणजे तिच्या उशाशी कोणी बसलं असेल, तर ते मंगळवारीच. मी सोडून.

पुढे मी रेडिओच्या कचेरीत फोन केला. त्या बाईनं नोंद काढून पाहिली. मंगळवारी अकराला तिनं दोन नावं वाचली होती. दोन्ही पुरुषांची.

"आणि आमचा आवाज केरीत येत नाही हो," ती म्हणाली. "तुमची काहीतरी चूक होतेय."

असेल.

निळ्या खुर्च्यांवर मी कुणाला बसू देत नाही. त्यांच्यावर पाइपचा वास अजून येतो. कधी दुपारी घरात एकटा असलो, की आतल्या खोलीत फरशीवर काहीतरी ओढल्यासारखं वाटतं. मी उठून बघायला जात नाही. भीती वाटते, पण आत कुणी दिसेल याची नाही. आत सगळे असतील आणि मी गेलो की गप्प होतील, याची.

आमची मुलगी ओर्ला ऑस्ट्रेलियात, पर्थला असते. अंत्यविधीला आली तेव्हा कबरीपाशी तिनं मला विचारलं होतं.

"डॅडी, मम्मीजवळ कुणी होतं का? की ती एकटीच होती?"

मी तिला म्हणालो, वारा आहे, गाडीत बस.

तिला काय सांगू? एकटी होती म्हटलं, तर खोटं. नव्हती म्हटलं, तर तिला फोनचं सांगावं लागेल. मग ती विचारेल, रेडिओवर ऐकल्यावरही तुम्ही परत का नाही फिरलात?

दर रविवारी तिचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं, की ती थोडी थांबते. मला कळतं ती कशासाठी थांबली आहे. मग मी हवामानाचं बोलतो.

चार वर्षं झाली. ओर्लाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.