पहिली शंका

सागरतट विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात वक्त्याच्या टेबलावर एक पितळी घंटा असे. पहिल्या वर्षाच्या खुल्या व्याख्यानांचा रिवाजच तसा होता. वक्ता बोलून थांबला तरी व्याख्यान संपलं असं कुणी धरत नसे. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी उठून पहिली शंका विचारायची, विचारणाऱ्यानंच पुढे येऊन घंटा वाजवायची, आणि मग वक्त्यानं उत्तर द्यायचं. वाणिज्यवाल्यांनी खडकांबद्दल विचारावं, रसायनवाल्यांनी कवितेबद्दल, यासाठीच तर ही व्याख्यानं सगळ्या शाखांना आणि गावातल्या कुणालाही खुली होती. कधी शंका इतकी बावळट असे की सगळे खो खो हसत. घंटा तरीही वाजे.

यंदा जुलैत व्याख्यानं सुरू झाली तेव्हा दाराशी एक ट्रे ठेवलेला होता. आत जाणारा प्रत्येकजण त्यातली एक मऊ पट्टी उचलून कानामागे चिकटवत होता. उमजपट्टी. भूगर्भशास्त्राच्या डॉ. कालिंदी रेडकरांनी ती पहिल्यांदाच जवळून पाहिली. पुढच्या रांगेत बसलेल्या मुलीला त्यांनी विचारलं, "टोचते का गं?"

"नाही मॅडम. बरं वाटतं." मुलगी साहित्याची होती, नाव नाजनीन परकार, डोंगरातल्या खोलवाडीची. "पहिल्या आठवड्यात मी बॅग भरून ठेवली होती. कुणी काय बोलतंय कळायचंच नाही, पोटात नुसता गोळा यायचा. पट्टी लावल्यापासून येत नाही."

हे खरंच होतं. एखादी गोष्ट समजेनाशी झाली की मेंदूत विजेची एक ठरावीक लहर उठते. पट्टी ती लहर पकडायची आणि बारीकशा प्रवाहानं शमवायची. शिवाय उलगडा झाल्यावर जी गोड हुशारी वाटते, तीही तिथंच देऊन टाकायची. पोरं भेदरून कॉलेज सोडतात म्हणून कुणा भल्या माणसांनी ती बनवली होती. त्यांचा हेतू वाईट होता असं म्हणवत नाही, आणि त्याचीच जास्त चीड येते.

कालिंदीबाईंचा विषय होता दरडी. या भागात तो पुस्तकी विषय नव्हे, दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरावर येणारा. त्यांची शिकवण्याची एक जुनी खोड होती. शेवटी त्या छातीठोकपणे एक चुकीचं वाक्य ठोकून देत आणि कुणी पकडतंय का पाहत. जे आपण स्वतः पकडलं ते माणूस जन्मात विसरत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि वीस वर्षांत ते खोटं ठरलं नव्हतं.

"आता शेवटचं," त्या म्हणाल्या. "धो धो पाऊस चाललाय आणि तुमच्या वाडीजवळच्या पऱ्याचं, ओढ्याचं म्हणा, पाणी एकाएकी ओसरलं. काय समजायचं? धोका टळला. घरी जा, निवांत झोपा."

आणि त्या थांबल्या. दर वर्षी इथं कुणीतरी उसळून उठे. पाऊस चालू आहे तर पाणी गेलं कुठे? मग घंटा वाजे आणि बाई सांगत, की वर डोंगर घसरून पऱ्याची वाट अडली आहे, पाणी मागे तुंबत चाललंय, आणि ते येईल तेव्हा चिखल, दगड, झाडं घेऊनच येईल. पाणी ओसरलं की पळायचं.

यंदा कुणी उठलं नाही. सगळे चेहरे प्रसन्न होते, पोटभर जेवल्यासारखे. बाईंनी घंटा थोडी पुढे सरकवली. एकानंही हात वर केला नाही. बाहेर अर्थशास्त्राचे वक्ते खोळंबले होते. शेवटी बाईंनी स्वतःच खुलासा केला, दोनदा केला. समोरच्या माना तितक्याच समाधानानं हलल्या.

"म्हणजे मी आधी सांगितलं ते काय होतं?" त्यांनी नाजनीनला विचारलं.

"तेही कळलं, मॅडम. दोन्ही कळलं."

 बाई तडक अधिष्ठाता सोमणांकडे गेल्या. "दोन उलट्या गोष्टी एकाच डोक्यात सुखानं नांदतायत, सोमण. माझ्या तासाला पट्ट्या नकोत. मला त्यांना परत बोलवू द्या."

"कालिंदीताई, आधी वसतिगृहात मुली रडायच्या ते तुम्हीच मला सांगत होतात ना? आता एकही रडत नाही. परीक्षेनंतर बघू."

बाई भांडल्या, पण फार नाही. नाजनीनची भरलेली बॅग त्यांना आठवली. पुढल्या सत्रात पुन्हा सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

त्याच महिन्याच्या अखेरीस पाऊस कोसळू लागला. नाजनीन सुट्टीला घरी होती, पट्टी घरीही कानामागे तशीच. खोलवाडीची माणसं शहाणी होती, सकाळीच उठून वरच्या शाळेत येऊन बसली होती. दुपारी पऱ्याचा आवाज मंदावला. पाणी घोट्याएवढं उरलं. म्हातारे कुरकुरले, लक्षण ठीक नाही म्हणाले. पण वाडीत कॉलेजात गेलेली पोर एकच होती, आणि तिला जरासुद्धा शंका नव्हती.

"धोका टळलाय," नाजनीन म्हणाली. "आमच्या मॅडमनी शिकवलंय."

माणसं घरी परतली. तिची अम्मी चूल पेटवायला पुढे गेली. नाजनीन शाळेत चटया गुंडाळत मागे राहिली, म्हणून वाचली.

कालिंदीबाई मदत छावणीत पोचल्या तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. माणसं शोधायला ती चिखलात उतरली होती, त्यात कानामागची पट्टी कधीच निघून गेली होती. तिथं नुसता एक फिकट डाग होता. बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. त्यांना रडू आवरेना.

"पोरी, मी खोडून काढलं होतं गं. दोनदा सांगितलं होतं, पळायचं म्हणून."

"हो मॅडम. ते पण आठवत होतं." तिचा आवाज सपाट होता. "दोन्ही एकदमच बरोबर वाटत होतं. अडलंच नाही कुठे."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. नाजनीन तो ऐकत होती. मग तिच्या कपाळावर एक आठी उमटली. तिनं पोटावर हात दाबून धरला, आत काहीतरी पिळवटून वर येत असावं तसा.

"मॅडम," ती म्हणाली, "पाऊस तर पडतच होता. मग पाणी गेलं कुठे?"

या शंकेचं उत्तर कालिंदीबाई वीस वर्षं देत आल्या होत्या. ते आता या मुलीला कुठल्या तोंडानं द्यायचं?