शेव्हरलेटच्या मागच्या सीटमधले केस

रात्रीचे बारा, पिंपळ, पांढरी साडी असलं काही शोधत असाल तर सॉरी. हे भर दुपारी घडलंय. गेल्या मे महिन्यात, कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका गॅरेजात.

जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मामेबहीण, मोनाताई. तिला विचारूनच लिहितेय. एक शब्द वाढवलेला नाही.

आणि हो… जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

गॅरेज बाळासोमामाचं, म्हणजे मोनाताईच्या आबांचं. मोनाताईनं ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला आणि तिथंच उभी राहिली. मामाला ते पटत नव्हतं. पण कागलच्या वृषभदादांनी आजोबांची अमेरिकन गाडी आणून टाकली, छप्पन सालची शेव्हरलेट, तेव्हा मामानं पैज लावली.

"ही गाडी वृषभच्या लग्नाला उभी राहिली तर गॅरेज तुझं. न्हाय तर शटर मोबाईलवाल्याला भाड्यानं. बोल."

"बोलायचं काय त्यात? हाणला की शड्डू!" मोनाताई म्हणाली.

वृषभदादांची नवरी, अपूर्वा, त्याच गाडीतून मांडवात यायची होती. आजी आली होती तशी.

गाडी वर्षानुवर्षं गोठ्याशेजारी पडून होती. पण मोनाताईनं पार्ट कसे गोळा केले ते ऐका. हेडलाइटची रिंग बेळगावच्या भंगारात सापडली. कार्ब्युरेटर मुंबईच्या चोरबाजारातून आला. दाराचं हँडल थेट अमेरिकेतून, कुरिअरनं. पिस्टनच्या रिंगा शेजारच्या लेथवर झाल्या. उद्यमनगर आहे हे. नमुना दाखवा, माल घेऊन जा.

अडलं एकच. मागची सीट.

जुन्या सीटमध्ये घोड्याचे केस भरलेले होते. ते कुजून त्यांचा काळा लगदा झाला होता. वृषभदादांचा हट्ट, की फोम नको, आजोबांच्या वेळी होती तशीच सीट पाहिजे.

"घोडा कुठनं आणू आता?" मोनाताई वैतागली.

मामा हसला. "टांगं बंद हुन जमाना झाला. रंकाळ्यावर पोरांस्नी फिरवणारं एक घोडं हाय. त्याची शेपटी कापतीस व्हय?"

तेवढ्यात बाहेरून हाक आली…

"केसावर भांडीऽऽऽ!"

ही हाक आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. बायका विंचरताना निघालेले केस बोटाला गुंडाळतात. ते गुंतवळ. त्यावर थू थू करतात आणि भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात. भांडीवाली आली की केस द्यायचे, वाटी घ्यायची. मामी तर थुंकल्याशिवाय एक केस टाकत नाही. मोनाताई तिला हसायची.

आता मात्र मोनाताईचे डोळे चमकले. केस ते केस. घोड्याचे काय, माणसाचे काय!

भांडीवालीचं नाव झुंबरबाई. तिनं पोतं ओतलं.

ईऽऽ. काळे, पांढरे, मेंदी लावलेले गोळे. कुणाच्या गोळ्यात नख. कुणाच्यात लिखा. कुणाच्यात चघळलेलं च्युइंगम. वरून आंबूस खोबरेल तेलाचा वास, मे महिन्याच्या उन्हात तापलेला.

त्यातच एक अख्खा शेपटा होता. मनगटाएवढा जाड, मुळापासून कापलेला.

मोनाताईनं हात घातला आणि झुंबरबाईनं शेपटा मागं ओढला.

"त्यो नगं. बाकी सगळ्या बायकांनी थुकून दिल्यात. थुकलं की केसाचं नातं तुटतं. ही पोर मेल्यावर सासूनं कापला आन् गुंतवळाच्या पिशवीत लपवून मला दिला. मेलेली बाई थुकंल व्हय? मी नदीत सोडणार हाय त्यो."

"बरं, राहू दे," मोनाताई म्हणाली.

झुंबरबाईनं शेपटा परत पोत्यात टाकला, बाकीच्या केसांचे पैसे घेतले आणि पाणी प्यायला मामीकडं गेली.

आणि मोनाताईनं पोत्यातला शेपटा उचलून सीटच्या सांगाड्यामागं टाकला. तिला एका कडेला भर कमी पडत होती. लग्न तोंडावर आलं होतं.

तिनं सगळे केस रिठ्यात उकळले. गच्चीवर वाळवले, पिंजले. शेपटाही उकलून त्यांतच भरला. वरून मरून रेक्झिन. सीट अशी झाली की मामासुद्धा बसून म्हणाला, "आयला, लोण्यात बसल्यागत वाटतंय की!"

दुसऱ्याच दिवशी मोनाताईच्या मिसळीत केस निघाला.

निघतो कधीतरी. तिनं तो बाजूला काढला.

मग चहात निघाला. मग भाकरीत… भाकरी मोडली तर दोन तुकडे सुटेनात. मधे केस ताणलेला.

एका दुपारी तिच्या घशात काहीतरी टोचायला लागलं. तिनं आरशात बघून चिमटीत धरलं आणि ओढलं. ते येतच राहिलं. पोटातून ओढ लागत होती. हातभर लांब, ओला, तेलकट केस. टोकाला पित्ताचा पिवळा थेंब.

तिचे स्वतःचे केस खांद्याच्या वर कापलेले आहेत.

ती मोरीत बसून ओकली. त्यातही…

नको, ते नाही लिहीत.

सीटच्या शिवणीतून उवा निघायला लागल्या. गाडीत कुणी नसताना आवाज यायचा. खर्र… खर्र… गुंतलेल्या केसांतून फणी ओढल्यासारखा. मग थोडा वेळ काहीच नाही. मग टच्च. नखावर ऊ मारल्यासारखा.

मामानं तो आवाज ऐकला आणि रेडिओ मोठा केला. "उंदीर असंल," म्हणाला. पण गाडीजवळ गेला नाही.

शेवटी मोनाताईनं नाकाला रुमाल बांधून सीट फाडली. सगळे केस उपसले. आतले गोळे ओले होते. कोमट. चघळून टाकल्यासारखे.

शेपटा नव्हता.

तिनं सांगाडा उलटा केला, स्प्रिंगा मोजल्या, डिकी पाहिली. कुठंच नाही.

तिनं ते केस पंचगंगेत सोडले. सीटमध्ये नारळाचा काथ्या भरला. वृषभदादांना काही बोलली नाही. गाडी लग्नाला उभी राहायला हवी होती ना.

लग्नादिवशी गाडी काय दिसत होती! ग्रिल चकाचक, बॉनेटवर झेंडूच्या माळा. मोनाताई स्टिअरिंगवर, शेजारी फेटा बांधून मामा. मागं एकटी अपूर्वा, पैठणी आणि मुंडावळ्यांत. पुढं बँजो पार्टी. कार्यालयाच्या गेटवर वृषभदादा आणि सगळे पाहुणे उभे. भर ऊन.

"सीट लई मऊ हाय हं ताई," अपूर्वा म्हणाली.

काथ्या मऊ नसतो…

जरा वेळानं अपूर्वा हसत म्हणाली, "ताई, माझा शेपटा ओढू नका की!"

मोनाताईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

तिनं मागं वळून पाहिलं. अपूर्वाची मान मागं कलली होती. तिचा लांब शेपटा गजऱ्यासकट सीट आणि पाठीच्या मधल्या फटीत गेला होता. आणि जात होता… हळूहळू. फटीच्या कडेला तेलकट फेस आला होता. गजऱ्याची फुलं चावल्यासारखी चुरत होती.

"ताई… दुखतंय…"

गेट समोर दिसत होतं. पोचली असती तर गॅरेज तिचं होतं.

मोनाताईनं ब्रेक दाबला. बँजो थांबला. ती मागचं दार उघडून आत शिरली आणि शेपटा धरून ओढायला लागली. निघेना. तिच्या तळव्याला पलीकडून काहीतरी गिळल्याचे झटके बसत होते.

"आबा, कटर!"

"येडी हायस काय? नवरीचं केस कापतीस? लगीन हाय तिचं!"

"आबाऽऽ!"

मामानं फटीकडं पाहिलं. कटर तिच्या हातात दिला.

आणि मोनाताईला झुंबरबाईचं बोलणं आठवलं. असा कापला तर तो न दिलेला, न थुंकलेला, नातं न तुटलेला शेपटा होणार होता.

"वहिनी, थुंका! केसावर थुंका आधी!"

अपूर्वाचं तोंड भीतीनं कोरडं पडलेलं. पाहुणे धावत येत होते. कुणीतरी ओरडलं, "अगं, काय करतीया ती पोरगी?" अपूर्वानं ओठ हलवले. मोनाताईनं कटर टेकवून डोळे मिटले. थू… असा आवाज आला.

मोनाताईनं तसाच कटर ओढला.

शेपटा सुर्रर करून आत गेला. पानावरची शेवई ओढावी तसा.

पुढं काय झालं ते कागलात सगळ्यांना माहीत आहे. लग्न लागलं, पण नवरीच्या डोक्यावरचा पदर शेवटपर्यंत खाली आला नाही. वृषभदादांच्या वडिलांनी मोनाताईला चारचौघांत नाही नाही ते ऐकवलं. अपूर्वा काहीतरी सांगायला गेली तर तिलाच गप्प बसवलं. मामानं संध्याकाळी सीट फाडली. आत नुसता काथ्या.

ओला.

गाडी न्यायला कुणी आलं नाही. फोन केला की कट करतात. महिनाभरानं मामानं किल्ल्यांचा जुडगा मोनाताईच्या हातात ठेवला.

"पोरीचा जीव वाचवलास. गॅरेज तुझं." मग कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभ्या शेव्हरलेटकडं न बघता म्हणाला, "पर ती बी तुझीच."

भंगारवाले येतात, ताडपत्री उचलतात, नाक दाबून निघून जातात.

अपूर्वा अधूनमधून मोनाताईला फोन करते. घरच्यांना चोरून. जेवण जात नाही म्हणते. ताटात काय निघतं ते सांगत नाही, मोनाताई विचारत नाही. दरवेळी ती एकच विचारते.

"ताई, मी थुंकले होते ना? केसावरच पडली होती ना थुंकी?"

"व्हय की. मी बघितलं," मोनाताई सांगते.

तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.