पाहुण्यांसमोरचं उत्तर

"कसला तरास? बस दारातनं जाती, दवाखाना धाराशिवला हायेच, लेक संगं असती. सगळं बेस हाय," चाँदपाशा हसून म्हणाले, आणि सरबताचा ट्रे घेऊन येणारी त्यांची लेक नूरुन्निसा दारातच थबकली...

समोर परदेशी पाहुणे होते. तिचा धाकटा भाऊ साद त्यांना पुण्याहून आपल्या गावी, बेंबळीत घेऊन आला होता. कोणत्या देशात रुग्णाला उपचार किती सहज मिळतात, हे मोजायचं त्याचं आणि या पाहुण्यांचं काम. जिथून दवाखाना गाठणं अवघड, तिथं डायलिसिसचं नवं केंद्र सुचवलं जाणार होतं. ज्या केंद्रासाठी तिनं प्रत्येक नमाजात दुवा मागितली, ते अब्बांनी हसत हसत घालवलं होतं!

"साद, अब्बा खोटं बोलतायत. बस कवा येती, कवा न्हाय. मागल्या खेपेला तर स्टँडवर चक्कर येऊन पडले."

"आपा, पाहुण्यांसमोर तमाशा नको. मी अब्बांना विचारलंय, तुला नाही."

तुला नाही... तिचं सारं तारुण्य ज्या वाटेवर झिजलं, त्या वाटेबद्दल तिला विचारायचंच नव्हतं! ओढणी तोंडात कोंबून ती चुलीपाशी संतापानं रडली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. अब्बांची डायलिसिसची पाळी होती. "तुझं मोजून झालं असंल तर एकदा संगं चल," ती सादला कोरडेपणानं म्हणाली.

बस भरलेली होती, थांबलीच नाही. बऱ्याच वेळानं काळी-पिवळी जीप मिळाली. त्या दाटीत कुणाचं कोपर लागू नये म्हणून अब्बांचा डायलिसिसची सुई टोचायचा हात तिनं धाराशिव येईपर्यंत आपल्या छातीशी धरला. उशीर झाला म्हणून त्यांचं मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. मशीन रिकामं व्हायची वाट बघताना व्हरांड्यातल्या फरशीवर अब्बांना धाप लागली.

"अब्बा, काल का नाही सांगितलंत?" साद चिडून म्हणाला.

"बाहेरच्या मुलखातनं मेहमान आले हुते बेटा. त्यांच्यापुढं रडगाणं गायचं? तुझी मान खाली गेली असती." ते थांबले. "तुझ्यापासनं अजून एक लपवलंय. कळंबचा मुलगा हिला पसंत हुता. मला दवाखान्यात कोण नेईल म्हणून हिनंच ते स्थळ परत धाडलं. तुला सांगू नका म्हणून कसम घातली हुती."

साद बहिणीकडं वळला. ती दुसरीकडं पाहत होती. मग त्यानं पुण्याला आपल्या ऑफिसात फोन लावला.

"बेंबळीचं उत्तर चुकलंय, माझ्यामुळं चुकलंय," तो भरल्या आवाजात म्हणाला. "काल आपण सोबतीची सोय म्हणून जिला लिहिलं ना, ती माझी बहीण आहे..."

नूरुन्निसाचा राग लगेच निवला नाही. "परवा परत यायचंय," ती एवढंच म्हणाली.

"मी आणीन अब्बांना. तू घरी राहा, आपा."

परतताना जीपमध्ये अब्बांचा हात सादनं छातीशी धरला होता. नूरुन्निसा खिडकीशी बसली. आपल्या रिकाम्या हातांचं काय करावं, ते तिला कळेना. तिनं ते तोंडावर घेतले आणि बेंबळी येईपर्यंत ती रडत राहिली.